एक्केचाळीस नंबरच्या झाडावरचा दोर

मी दोर बोलतोय. विहिरीचा नाही, गुरं बांधायचा नाही. झाडावर माणूस चढवायचा दोर.

माझ्याबद्दल एक गोष्ट सगळीकडे सांगितली गेली, ती आधी खोडून टाकतो. मला कोणी कापलं नाही. दादाने तर नाहीच नाही. सरकारी कागदावर तसं लिहिलं होतं, खाली सही होती, शिक्का होता. असेल. कागदाचं काय, त्याच्यावर लिहाल ते तो ऐकून घेतो. पण त्या सकाळी झाडावर मी होतो, कागद नव्हता.

माझा जन्म एका लांब शेडमध्ये झाला. कितीतरी यंत्रं एका सुरात गरगरत होती आणि त्यांतल्या एकातून मी बाहेर पडत होतो. पांढरा, गुळगुळीत, दीडशे फूट. आत नायलॉनच्या बारीक धाग्यांचे पीळ, वरून घट्ट विणलेली साल. आम्हा दोरांना डोळे नसतात म्हणतात, पण आम्हाला ताण कळतो. टोकाला माणूस टांगला की त्याचं वजनच काय, त्याची भीतीसुद्धा कळते. भ्यालेला माणूस जड लागतो. दादा मला कधी जड लागला नाही.

बसच्या शेवटच्या थांब्याजवळ दोरांचं एक जुनं दुकान आहे. तिथले आजोबा दोर डोळ्यांनी बघत नाहीत, बोटांनी आणि नाकाने बघतात. त्यांच्या फळीवर मी चार महिने पडून होतो. मग एके दिवशी हे दोघे भाऊ आले.

"किती उंच चढायचं?" आजोबांनी विचारलं.

"झाड नेईल तितकं," दादा म्हणाला.

"आणि खाली दोर कोण धरणार?"

"हा काय. माझा धाकटा. छोट्या."

आजोबांनी चष्म्यावरून पाहिलं. छोट्या तेवीस वर्षांचा, सहा फूट उंच, दारातून तिरका होऊन आत आलेला. "ह्याला छोट्या म्हणता? मग घरात मोठा कोण, हत्ती?"

"मोठी माझी बायको," दादा म्हणाला. "आम्ही दोघं तिच्यापुढे उंदीर."

आजोबा हसले. मला दादाच्या हातात देताना मात्र त्यांचा चेहरा बदलला. "नीट ऐक. दोराचे तीन वैरी. धार, ऊन आणि ॲसिड. धार लागली तर दिसते. उन्हाने रंग उडतो, तेही दिसतं. ॲसिड लागलेलं दिसत नाही. दोर तसाच पांढरा, तसाच मऊ, आणि आतून मेलेला. बॅटरीजवळ ठेवू नकोस, बाथरूम धुतात त्या बाटलीजवळ तर नकोच नको."

दादाने मान डोलावली. छोट्या तोवर दुकानातून बाहेर सटकला होता. बाहेर एका माणसाची गाडी पंक्चर झाली होती, ते चाक बघायला तो गेला होता. छोट्याचं असंच. जिथे असायला हवं तिथून तो नेमका दोन पावलं बाजूला असतो. परतीच्या बसमध्ये दादा त्याला सांगणार होता. पण खिडकीतून काहीतरी दिसलं, मग त्यावरून काहीतरी आठवलं, मग दोघं हसत बसले, आणि राहून गेलं.

हे 'राहून गेलं' म्हणजे काय चीज असते, ते मला पुढे कळलं.

घरी आल्यावर दादाने माझ्या टोकाला पांढरी पट्टी गुंडाळली आणि न पुसणाऱ्या शाईच्या पेनाने माझ्या जन्माची तारीख घातली. पट्टीचा अर्धा भाग कोरा ठेवला. हा त्यांच्या वडिलांचा नियम. अर्ध्यात जन्म, उरलेल्या अर्ध्यात मरण. दोर म्हातारा झाला, किंवा त्याने एकदा मोठा हिसका खाल्ला, की त्याच्यावर दुसरी तारीख घालायची आणि हातभर लांबीचे तुकडे करून टाकायचे. एकही तुकडा माणसाला पुरेल इतका लांब ठेवायचा नाही. वडील म्हणायचे, "मेलेला दोर घरात अख्खा ठेवला तर तो एकटा मरत नाही."

आम्ही राहायचो ती वस्ती दीडशे वर्षांची. दोन बाजूंना दोन मोठ्या बागा, मध्ये दगडी घरं, प्रत्येक घराच्या दाराशी ते कोणी आणि कधी बांधलं त्याची पाटी. रस्त्यावर दोन्हीकडून झाडं अशी वाकलेली की दुपारीसुद्धा खाली हिरवा अंधार. लांबून लोक फोटो काढायला यायचे. प्रत्येक झाडाला पितळेचा बिल्ला आणि बिल्ल्यावर नंबर. अकरा नंबरच्या घरामागे पूर्वी घोड्यांचा तबेला होता, त्यात हे कुटुंब राहायचं. दादा, वहिनी, त्यांची सात वर्षांची चिमी आणि छोट्या. भिंतीत घोडे बांधायच्या लोखंडी कड्या तशाच होत्या. एका कडीला चिमीचं दप्तर, एका कडीला मी. वस्तीची झाडं सांभाळायची आणि तबेल्यात राहायचं, असं वडिलांच्या वेळेपासून ठरलेलं. वडील चाळीस वर्षं चढले आणि शेवटी अंथरुणात गेले. झाडाने त्यांना कधी धड खरचटलंही नव्हतं.

हे नंबर वस्तीच्या समितीसाठी होते. भावांनी झाडांना आपली नावं ठेवली होती. सात नंबर म्हणजे 'वाकडी मावशी'. बावीस नंबर 'मास्तर', कारण त्याच्या खाली उभं राहिलं की डोक्यात काहीतरी आपटायचंच. आणि बागेच्या कठड्याजवळचं एक्केचाळीस नंबर म्हणजे 'आत्या', कारण वारा असो नसो, ती सारखी कुरकुरायची.

"आत्या आज काय म्हणतेय?" छोट्या खालून ओरडायचा.

"विचारतेय, तुझं लग्न कधी!"

"तिला म्हण, मुलगी बघ!"

"म्हणते, आधी अंघोळ कर!"

मी त्या दोघांच्या मध्ये असायचो. वरच्या फांदीवरून गेलेला, एक टोक दादाच्या कमरेला, दुसरं खाली बुंध्याला दोन वेढे घेऊन छोट्याच्या मुठीत. दादा जसजसा वर जाई, तसतसा छोट्या मला ओढून घेई. दोघांचे हात माझ्यात एकमेकांना लागायचे म्हणा ना. वरून वस्तीतली माणसंही दिसत. गमतीचा प्राणी आहे माणूस. सावलीसाठी इथे घर घेतो आणि पानं पडतात म्हणून तक्रार करतो. पक्ष्यांचा आवाज किती छान म्हणतो आणि त्यांनी गाडी घाण केली की झाड तोडा म्हणतो.

तीन वर्षांत मी काळा पडलो. झाडांचा चीक, साल, शेवाळ, हातांचा घाम. दोराला ते शोभतं. पण नऊ नंबरच्या घरातल्या बाईंना नाही शोभलं. त्या समितीच्या अध्यक्ष. एकदा त्यांच्या दारातल्या झाडावर काम होतं आणि मी त्यांच्या पांढऱ्या दगडी जिन्यावर पडलो होतो.

"हे काय गटारातून काढून आणलंय?" त्या म्हणाल्या. "इथे लोक फोटो काढतात. पुढच्या वेळी जरा स्वच्छ होऊन या. तुम्ही पण आणि हे पण."

दादा हसून "हो बाई" म्हणाला. तो हसला तो तोंडाने. त्याच्या कमरेला मी होतो, मला कळलं. वर जाताना त्या दिवशी पहिल्यांदा तो थोडा जड लागला.

छोट्यालाही ते दिसलं. रक्त गरम, डोकं त्याहून गरम. रात्रभर तळमळला. बारा तारीख, रविवार. दादा चिमीला घेऊन बागेत तळ्यावर गेला होता. छोट्याने मला कडीवरून काढलं आणि बादलीत टाकलं.

"भाऊजी, हे काय आरंभलंय?" वहिनीने विचारलं.

"दादाला चकित करणार. असा पांढरा करतो की नऊ नंबरवालीने गळ्यात घालावा."

साबणाने घासलं, डाग हलला नाही. सोड्याने घासलं, नाही. मग त्याने मोरीतली फरशी धुवायची बाटली उचलली. तिचं झाकण घट्ट बसलं होतं. त्याने दातओठ खाल्ले तरी फिरेना. 

"एवढा मोठा घोडा, आणि झाकण उघडत नाही," वहिनी म्हणाली. तिने पदराने झाकण धरलं, एक हिसका दिला, उघडलं, आणि बाटली त्याच्या हातात दिली. "जरा बेताने. नाक जळतं त्याने."

अर्धी बाटली त्याने बादलीत ओतली. दुपारभर मी त्यात होतो.

कसं सांगू? दुखलं नाही. दुखलं असतं तर बरं झालं असतं. आतले धागे एकेक करून गप्प होत गेले, एवढंच. भरल्या घरातली माणसं एकामागून एक निजावीत तसे. मग त्याने मला चार पाण्यांतून काढलं, वासाच्या साबणात बुडवलं आणि सावलीत वाळत घातलं. उन्हात नाही हं. ऊन दोराला वाईट, हे त्याला माहीत होतं.

दादा परत आला आणि दारातच थांबला. मी दुकानातून आलो त्या दिवसापेक्षा पांढरा दिसत होतो.

"अरे! हा तर पुन्हा जन्मला! कशाने धुतलास रे?"

"मनगटाच्या जोराने," छोट्या म्हणाला.

दादाने त्याच्या मानेवर थाप मारली. नंतर तो मला पूर्ण दीडशे फूट हातातून काढून बघत होता, तेव्हा त्याचा हात माझ्यावरून एखाद्या तान्ह्या पोराच्या अंगावरून फिरावा तसा फिरत होता. त्याला काही सापडलं नाही. ॲसिड दिसत नाही, आजोबा म्हणालेच होते.

मला ओरडता आलं असतं तर. जाऊ द्या. ते रोजचंच आहे माझं.

सोमवार ते गुरुवार मी त्याला लहान झाडांवर नेलं आणि आणलं. कसं, ते मलाच ठाऊक नाही. शुक्रवारी, सतरा तारखेला, आत्याची पाळी. बागेच्या बाकावर एक वाळकी फांदी लटकली होती, ती उतरवायची होती. दादा वर गेला. फांदी कापली, खाली सोडली, करवत म्यानात घातली. दुसऱ्या बाजूला जायला त्याने कमरेचा आखूड पट्टा एका बेचक्यातून सोडवला. तो पुढच्या बेचक्यात अडकवायचा. मध्ये एक श्वास घेण्याइतका वेळ जातो. तेवढा वेळ तो फक्त माझ्यावर असतो.

खाली छोट्याच्या मुठीत मी होतो, पण त्याची नजर बागेत होती. तळ्यात दोन म्हातारे पायडलची होडी चालवत होते. एक पुढे मारत होता, दुसरा मागे, आणि होडी जागच्या जागी गोल फिरत होती.

"दादा, तिकडे बघ, तिकडे ब—"

आवाज फार झाला नाही. वाळकी शेंग फुटावी एवढाच. छोट्याच्या हातात मी एकदम हलका झालो.

त्याने वर पाहिलं तेव्हा वर कोणी नव्हतं.

त्यानंतरचं सांगत नाही. लोक धावले. नऊ नंबरच्या बाई अनवाणी धावत आल्या आणि त्यांनी स्वतःची शाल दादावर घातली. छोट्या मला हातातून सोडेना. कोणीतरी म्हणालं, "अरे, आता सोड तो दोर." तो म्हणाला, "सोडला तर दादा पडेल."

दादाच्या कमरेला राहिलेला माझा तुकडा चौकशीच्या साहेबांनी पिशवीत घातला. दोन दिवसांनी ते तबेल्यात आले. खुर्ची एकच होती, तिच्यावर ते बसले.

"तुम्ही बघत होता?" त्यांनी छोट्याला विचारलं.

"हो."

"नेमकं काय दिसलं?"

"करवत म्यानात होती, साहेब."

"करवत गवतात सापडली. म्यानाबाहेर."

"पडताना निघाली असेल."

"असेल, की होती? तिच्या दात्यांत पांढरे धागे आहेत." कामाला जाताना मी आणि करवत एकाच पिशवीत असायचो, ते धागे त्याचे. पण हे कोण सांगणार? "तुम्ही बघत होता ना? मग सांगा, दोर तुटला तेव्हा त्यांचा हात कुठे होता?"

खोटं बोलायलाही थोडंफार बघितलेलं असावं लागतं.

साहेबांनी लिहिलं: चढणाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे त्याच्याच करवतीने दोर कापला गेला.

हे वाक्य वस्तीभर फिरलं. कोपऱ्यावरचा पेपरवाला, ज्याला दादाने दोनदा फुकट छप्पर बांधून दिलं होतं, तो गिऱ्हाइकाला म्हणाला, "बसलेली फांदी तोडणारा शहाणा गोष्टीत ऐकला होता. धरलेला दोर तोडणारा आपल्याकडेच निघाला." छोट्याने त्याचे सगळे पेपर रस्त्यावर उधळले. त्याने काय झालं? पेपरवाल्याचं म्हणणं आणखी दहा जणांनी ऐकलं.

आणि मग चिमी शाळेतून आली. दप्तर कडीला अडकवलं, चप्पल नीट ठेवली, आणि विचारलं, "काका, बाबांनी मुद्दाम कापला का?"

वहिनी ओट्याशी होती. तिचा हात थांबला, पण तिने वळून पाहिलं नाही. सतरा तारखेपासून ती रडली नव्हती. नुसती भांडी घासायची. घासलेली पुन्हा घासायची.

छोट्याने मला कडीवरून ओरबाडलं.

"भाऊजी, दोन घास खाऊन तरी जा."

"दादाच्या नावावरचा डाग धुऊन आणतो," तो म्हणाला, "मग जेवतो."

बसमध्ये मी त्याच्या मांडीवर होतो. मला माहीत होतं आम्ही कुठे चाललोय आणि तिथे काय निघणार. त्याला माहीत नव्हतं. अख्ख्या आयुष्यात मला एवढं जड कोणी लागलं नव्हतं, आणि तो माझ्यावर लटकलेलाही नव्हता.

आजोबांनी माझं तुटलेलं टोक उजेडात धरलं. बोटावर फिरवलं. "कोण म्हणतो कापला?"

"साहेब."

"त्यांनी कधी भाजी तरी कापलीय का? करवतीने कापलं की टोकं एका रेषेत येतात, पिंजतात. हे बघ, एक इथे तुटलंय, एक तिथे. हा कापलेला नाही."

छोट्या उडालाच. आजोबांचे दोन्ही हात त्याने धरले. "मी म्हटलंच होतं! दादा असं करेल का! लिहून द्या, आजोबा. आत्ता लिहून द्या!"

"थांब," आजोबा म्हणाले. "कापला नाही, एवढंच म्हटलं मी. का तुटला, ते कुठे म्हटलं?"

त्यांनी माझा मधला भाग घेतला. तुटलेल्या टोकापासून लांब, धडधाकट दिसणारा. साल सोलली, आतला एक धागा काढला आणि ओढला. वाळल्या गवतासारखा तुटला. दुसरा काढला. तोही. मग त्यांनी फळीवरच्या नव्या दोरातला एक धागा छोट्याच्या बोटाला गुंडाळला. "ओढ." छोट्याने ओढला. धागा तुटला नाही, बोटातून रक्त आलं.

"असा असतो जिवंत दोर. हा तुझा टोकाला मेलेला नाही, सगळाच मेलेला आहे." त्यांनी मला नाकाशी नेलं. "साबणाचा वास वर आहे. खाली दुसराच आहे. कशाने धुतला होता हा?"

छोट्या बोटातल्या रक्ताकडे बघत राहिला.

"पोरा, मी काय विचारतोय?"

"अर्धीच बाटली होती," तो म्हणाला. "नंतर चार पाण्यांतून काढला. सावलीत वाळवला. उन्हात नाही घातला, आजोबा. उन्हात घातला नाही मी."

आजोबा खाली बसले.

"तुझ्या भावाला मी इथेच उभं राहून सांगितलं होतं. तू कुठे होतास?"

"बाहेर. चाक बघत होतो."

आजोबांनी कागद घेतला. चष्मा पुसला. "बघ, हा दोर कापलेला नाही, एवढंच मी लिहितो. ते खरं आहे. तुझ्या भावाचं नाव सुटेल. बाकीचं विचारलं तरच सांगायचं. आणि विचारणार कोण?"

छोट्याने कागद घेतला. तुम्हाला वाटेल ते वाटो, मी तेव्हा त्याला दोष दिला नाही. आज देतो. उद्या पुन्हा देणार नाही. माझं रोज बदलतं.

परतताना तो बागेतून आला. तळ्याशी थांबला. मला हातात घेऊन पाण्याकडे बघत राहिला. मी बुडलो असतो तर पुरावाच गेला असता, आणि कागद तेवढा राहिला असता. गोल फिरणारी ती होडी काठाला बांधलेली होती. तिच्याकडे बघून त्याने मला पुन्हा खांद्यावर टाकलं.

घरी त्याने कागद चिमीसमोर धरला. ती अक्षर अक्षर लावून वाचते. "दोर... का-प-ले-ला... नाही." मग तिने वर पाहिलं. "म्हणजे बाबांनी नाही कापला?"

"नाही, बाळा. बाबांचं काहीच चुकलं नाही."

चिमी कागद घेऊन पेपरवाल्याकडे धावली. आणि वहिनी ओट्याला धरून खाली बसली आणि रडली. इतक्या दिवसांचं एकदम. "मला ठाऊक होतं हो. मला ठाऊक होतं. माझा माणूस असा वेंधळा नव्हता." मग तिने डोळे पुसले, ताट घेतलं, छोट्यापुढे ठेवलं. "बसा. डाग धुऊन आणलात. आता जेवा."

त्याने घास उचलला. तोंडापर्यंत नेला. ताटात परत ठेवला.

"वहिनी, मी मारलं दादाला."

तिला कळेना. त्याने सगळं सांगितलं. रडत नाही, घाईघाईने, मध्येच थांबला तर पुन्हा सांगता येणार नाही अशा भीतीने. दुकान, धागा, वास, बाटली. होडीसुद्धा सांगितली. "मी वर बघत नव्हतो. मी साहेबांना खोटं सांगितलं." आणि मग तिच्या हाताकडे बघत बसला. त्याला वाटत होतं ती मारेल. मला वाटतं, तिने मारावं अशी त्याची इच्छा होती.

वहिनीने मारलं नाही. तिने विचारलं, "कुठली बाटली?"

"मोरीतली. फरशीची."

ती उठली, मोरीत गेली आणि बाटली घेऊन आली. अजून अर्धी भरलेली होती. तिने ती दोघांच्या मध्ये जमिनीवर ठेवली आणि झाकणावर बोट ठेवलं.

"हे तुमच्याने उघडत नव्हतं," ती म्हणाली.

ताट तसंच राहिलं. चिमी परत आली तेव्हा दोघं त्या बाटलीच्या दोन बाजूंना बसलेली होती.

दुसऱ्या दिवशी छोट्या साहेबांकडे गेला. साहेबांनी आजोबांचा कागद वाचला, मग याचं म्हणणं ऐकलं. "हे तुम्ही सांगितलं नसतं तरी चाललं असतं," ते म्हणाले. "आता मला तुमचं नाव लिहावं लागेल."

"लिहा. पण आधी दादाचं खोडा. माझ्यासमोर खोडा."

त्यांनी खोडलं. 'त्याच्याच करवतीने' वर आडवी रेघ आली. खाली धाकट्या भावाचं नाव आणि काय झालं ते आलं. वहिनीचं नाव कुठेच नाही. झाकणाचं त्याने सांगितलं नाही, आणि सांगणारही नाही. ते मी तुम्हाला सांगितलं, कारण मी आता कोणाच्या उपयोगाचा नाही.

समितीने महिन्याची मुदत दिली. झाडं आता दुसरी माणसं बघणार, तबेला मोकळा करायचा. पत्र द्यायला नऊ नंबरच्या बाई स्वतः आल्या. पत्र देऊन झाल्यावरही त्या दारातून हलल्या नाहीत. म्हणाल्या, "मी फक्त मळका आहे म्हटलं होतं." वहिनी म्हणाली, "हो, बाई." दादा म्हणायचा तसंच.

सामान बांधून झालं त्या दिवशी छोट्याने मला तबेल्याच्या मधोमध पसरलं आणि दादाची करवत घेतली. हातभर मोजायचा, कापायचा. मोजायचा, कापायचा. मी खरंच करवतीने कापला गेलो तो तेव्हा. टोकं सगळी एका रेषेत आली, साहेबांनी बघायला हवी होती. शेवटी पट्टीवाला तुकडा राहिला. हा जो बोलतोय तो.

चिमीने शाईचं पेन आणून दिलं. "काका, मेल्याची तारीख घाल. सतरा."

छोट्याचं शिक्षण जेमतेम. लिहायला त्याला वेळ लागतो, जीभ बाहेर येते. त्याने पट्टी गुडघ्यावर धरली. एका बाजूला दादाच्या अक्षरातली तारीख होती. तिच्याकडे त्याने खूप वेळ बघितलं. मग कोऱ्या अर्ध्यात लिहिलं: बारा.

"काका, सतरा ना? बाबा सतराला..."

"बाबा सतराला," तो म्हणाला. "दोर बाराला."

वहिनीने पट्टी वाचली आणि मला तिच्या पेटीत ठेवलं, दादाच्या हातमोज्यांवर. मी आता तिथे असतो. अंधार आहे, कोरडं आहे, कुठला वास नाही. पाच दिवस एक जिवंत माणूस मेलेल्या दोरावर गाणी म्हणत चढत होता, एवढंच मला आठवत राहतं.

तुम्हाला एकच मागणं. कोणी वर चढलेला असेल आणि त्याचा दोर तुमच्या मुठीत असेल, तर वर बघत राहा. खालचं तळं कुठे जात नाही.

येतो मी.